शिवेवर ठेवलेला माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि माझ्याच गावानं मला शिवेबाहेर आणून ठेवलं आहे. एका फुटक्या सुपात मी पडून आहे. शेजारी नारळ आहे, हळदकुंकू आहे. मूठभर लाह्या होत्या, त्या मुंग्यांनी नेल्या. वरून ऐनाची पानं पडतात. रस्त्यानं जाणारी माणसं मान वळवून पुढं जातात. शिवेवर सोडलेल्या वस्तूला हात लागला की आजार गावात परत येतो, अशी आमच्याकडची समजूत आहे. तुम्ही लांब बसून वाचताय, तुम्हाला कसली भीती? म्हणून तुम्हालाच सांगतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कारखान्यात एका बाईनं माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा बसवला, डोक्यावर जाळी घट्ट केली आणि "हॅलो" म्हणून बघितलं. तो मी ऐकलेला पहिला शब्द. पुढं बेळगावच्या एका दुकानात काचेमागं वर्षभर उभा होतो. तिथून मला परशूनं आणलं.

परशू आमच्या गावचा साउंडवाला. रामनगरहून जोयड्याकडे येणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, जंगलाला पाठ लावून आमचं गाव बसलं आहे. बारसं असो, लग्न असो, परशूचे दोन कर्णे तिथं हजर. पण मला आणल्यावर त्यानं पहिल्यांदा नेलं ते देवळात, नारायणबुवांच्या कीर्तनाला.

नारायणबुवा म्हणजे भातशेती करणारा, सत्तरीला टेकलेला माणूस. अंगानं काडी, पण उभा राहिला की देऊळ भरायचं. त्यांनी माझ्या जाळीला बुक्का लावला, हात जोडले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मंडळी, ह्याला समदी तोंड समजत्यात. ह्यो कान हाय. आधी ऐकतोय, मग बोलतोय. आपलं मात्र उलटं असतंय."

लोक हसले. मला मात्र त्या दिवशी कळलं, की आपण कोण आहोत.

मित्रांनो, कीर्तन ऐकायचं सुख काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल, कारण मी बुवांच्या ओठांपासून चार बोटांवर असायचो. पखवाजावर थाप पडली की माझा पडदा थरथरायचा. टाळ धरलेले वीस जण मागं झुलायचे. बुवा अभंगाची ओळ धरायचे, सोडायचे, परत धरायचे, आणि मधेच आपल्या काळी नदीचा दाखला द्यायचे. "वरल्या अंगाला ऱ्हाणाऱ्यानं पाणी राखायचं," ते म्हणायचे, "आन् खालच्या अंगाला ऱ्हाणाऱ्यानं इस्वासानं ओंजळ भरायची. दोघांच्या मधनं जे व्हातंय, त्यालाच देव म्हणायचं." पुढच्या रांगेत त्यांची बायको केशर बसायची. हा दाखला तिनं शंभर वेळा ऐकला असेल, तरी दर वेळी पदर डोळ्याला लागायचाच.

आमच्या गावची आणखी एक रीत आहे, तिला 'फिरती ओळ' म्हणतात. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, बुवा अभंगाची एक ओळ गातात आणि मला खाली देतात. मग मी देवळात हातोहात फिरतो. ज्याच्या हातात जाईन त्यानं ती ओळ गायची. सुरात, बेसूर, बोबडी, कशीही. अख्खा गाव एकच ओळ गातो आणि शेवटी मी बुवांकडे परत येतो.

तीन वर्षांपूर्वी नदीकाठी एक रिसॉर्ट झालं. दिवसा पाहुणे होडीत बसायचे, जंगल बघायचे, आणि संध्याकाळ झाली की मोकळ्या अंगणात शेकोटी पेटायची, झाडांना दिव्यांच्या माळा लागायच्या, गाणी, नाच, खेळ सुरू व्हायचे. परशूला तिथलं आठवड्याचं काम मिळालं, म्हणजे मलाही. खोटं कशाला बोलू, मला तिथंही आवडायचं. हुबळीच्या एका बाईनं एकदा आपल्या रडणाऱ्या बाळासाठी माझ्यातच अंगाई म्हटली होती, तर नाचणारी सगळी मंडळी गप्प उभी राहिली होती. चांगलं गाणं कुठंही उगवतं.

देवळातल्या जुन्या माणसांना मात्र ते पटेना. तेव्हा परशूनं स्वतः तोड काढली. माझ्या जाळीवर घालायची स्पंजाची टोपी असते, वारा आणि थुंकी अडवायला. परशूनं दोन घेतल्या. लाल टोपी रिसॉर्टची, काळी टोपी देवळाची. काळी तो वेगळ्या पिशवीत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवायचा. बुवांच्या पायाला हात लावून त्यानं शब्द दिला होता, "बुवा, तिथली टोपी हितं येणार न्हाई, हितली तिथं जाणार न्हाई."

बुवा म्हणाले होते, "तू म्हणतोस न्हवं, मग झालं."

तीन वर्षं परशूनं तो शब्द पाळला. हे मी मुद्दाम सांगतो. तो वाईट माणूस नव्हता.

यंदा सुगी झाली, थंडी पडली आणि रिसॉर्टवर खोकला सुरू झाला. आधी वाढपी खोकले. मग पाहुणे. लोक गाता गाता थांबायचे, माझ्यावरच खोकायचे, "सॉरी" म्हणून हसायचे आणि मला पुढच्याच्या हातात द्यायचे. माझं बटण बंद असलं तरी मला ऐकू येतं, मित्रांनो. शुक्रवारी संध्याकाळी सागरसाहेब, म्हणजे तिथले मॅनेजर, परशूला बाजूला घेऊन बोलत होते, ते मी सगळं ऐकलं.

"पाच खोल्यांत ताप आहे," सागरसाहेब म्हणाले. "डॉक्टर फ्लू म्हणाला. बाहेर बोलू नकोस."

"साहेब, एकच माईक हाय. समदी तोंडाला लावत्यात. आज ऱ्हाऊ दे की."

"राहू दे कसं? लोक इथं रात्रीसाठी येतात. झाडं काय, त्यांच्या गावातही आहेत."

परशूनं मला हातात घेतलं. मला वाटलं, तो मला पिशवीत घालेल. त्यानं मला चालू केलं.

त्यातच एका हौशी पाहुण्यानं माझी लाल टोपी काढून नाकावर लावली, फोटो काढला, आणि हसण्याच्या भरात ती शेकोटीत पडली. नदीवरून वारा सुटला होता. टोपीशिवाय माझ्यातून नुसती घोंघों येऊ लागली. सागरसाहेब लांबून हातवारे करू लागले. परशूनं इकडं तिकडं बघितलं, वेगळी पिशवी उघडली आणि देवळाची काळी टोपी माझ्या डोक्यावर चढवली.

त्या संध्याकाळी माझ्यावर साठेक माणसं गायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन. देवळात येताना परशू ओढ्यावर थांबला. टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. धुतली तर वेळेत वाळणार नाही, ओली घातली तर आवाज बसणार. शेवटी त्यानं ती उलटी केली. आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं की काय, मला माहीत नाही. माझं नाही झालं.

देवळात बुवा फेटा बांधत होते. त्यांनी मला हातात घेतलं, बुक्का लावला आणि सवयीनं विचारलं, "परशा, टोपी बदललास न्हवं?"

"व्हय, बुवा."

फक्त दोन शब्द. पण मित्रांनो, मी इतकी वर्षं त्या माणसाच्या खांद्यावरून फिरलो होतो. माझ्या पडद्यावर तेव्हा जो ओरखडा उठला तो अजून आहे. मी ओरडायला हवं होतं. पण कुणी माझ्यात बोललं तरच मला बोलता येतं. माझ्यात त्या वेळी कुणी खरं बोललं नाही.

बुवांनी ओळ धरली. मग मी फिरलो. म्हाताऱ्यांच्या हातून, लेकुरवाळ्यांच्या हातून, ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही अशा पोरांच्या ओठांशी. सगळा गाव गायला. शेवटी मी बुवांकडे आलो. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता, म्हणून त्यांनी मला अगदी ओठांना लावलं.

चार दिवसांत घराघरांत अंथरुणं पसरली. जोयड्याहून मनीषा नर्स जीपनं आली, दारोदार फिरली, गोळ्या दिल्या. बहुतेक जण आठवड्यात उठले. नारायणबुवा उठले नाहीत. त्यांना श्वास पुरेना. केशरआजी त्यांना घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेली.

इकडे रिसॉर्टही बंद पडलं. बातमी फुटली, पाहुणे गाड्या भरून निघून गेले. परशू आपले कर्णे आणायला गेला तेव्हा मी त्याच्या पिशवीत होतो. अंगणात शेकोटीची राख, खुर्च्या एकावर एक, झाडांवरच्या माळा विझलेल्या. नाचायच्या फरशीवर दोन कुत्री झोपली होती. परशू सागरसाहेबांवर चिडला, "तुम्ही गप्प ऱ्हायला सांगितलासा, म्हणून झालं समदं."

सागरसाहेब म्हणाले, "मी परका आहे रे. गाव तुझं आहे. तू तरी सांगायचंस."

परशूनं कर्णे खांद्यावर घेतले आणि तो चालू लागला.

त्यानंतरच्या रविवारी देवळापुढं बैठक बसली. रुक्माआजी, गावातली सगळ्यांत थोरली, काठी आपटून म्हणाली, "परशा, तुझा त्यो माईक कुणाकुणाच्या तोंडाचा झालाय, त्याची त्याला ठावं. बाधा झालीया त्याला. सुपात घालून शिवंवर सोडा."

मनीषा नर्स तिथंच होती. ती म्हणाली, "आजी, माईकला बाधा होत नाही. रिसॉर्टवर आठवडाभर फ्लू होता. कुणीतरी वेळेवर सांगितलं असतं, तर ओळ फिरवली नसती, म्हाताऱ्यांना लांब बसवलं असतं. कुणाला माहीत होतं, ते विचारा."

"तू सुई टोच बाई," रुक्माआजी म्हणाली. "देवाधर्मातलं आमी बघतो."

दोन-चार जण हसले. मग सगळे परशूकडे बघू लागले, कारण वस्तू त्याची होती. मीही वाट बघत होतो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, 'मला ठाऊक होतं.' गावानं दोन शिव्या दिल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता.

परशू म्हणाला, "व्हय. त्या माईकातच काय तरी शिरलंय."

आणि स्वतःच्या हातानं तो मला इथं घेऊन आला. सूप खाली ठेवून त्यानं शेजारी नारळ आणि हळदकुंकू ठेवलं. मी त्याचा राग करावा की कीव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अठरा दिवसांनी बुवा परत आले. त्यांना आणायला परशूच जीप घेऊन गेला होता. दुखण्यातून उठलेल्यानं शिवेवर नारळ वाढवूनच गावात पाय ठेवायचा, म्हणून जीप इथं थांबली. केशरआजी नारळ घेऊन शिवेच्या दगडाकडे गेली. बुवा खाली उतरले तर समोर मी.

"ह्याला हितं कुणी आणलं?"

"गावानं," परशू म्हणाला. मग त्याच्यानं राहवलं नाही. खाली मान घालून तो घडाघडा बोलला. ताप माहीत होता ते, लाल टोपी जळाली ते, काळी उलटी केली ते. बोलून झाल्यावर म्हणाला, "बुवा, तुमच्या पाया पडतो. गावात सांगू नका. माझी पोरं हितंच वाढायची हाईत."

बुवा सुपापाशी वाकले. त्यांच्या छातीतून बारीक शीळ वाजत होती.

"मी गायच्या आदी तुला इचारलं हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

"तू सांगितलं असतास तर माझ्या गळ्यावर गायलो असतो रे. त्यात काय हुतं?"

केशरआजी आली. "काय बोलूलालासा दोघं? थंडी बाधंल, चला."

"काय न्हाई," बुवा म्हणाले, आणि परशूच्या हाताला धरून जीपमध्ये चढले.

ते शेवटचं. त्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला नाही. पाण्याला जाणाऱ्या बायका इथून जाताना बोलतात, ते ऐकतो. "डॉक्टरनं गायला मोकळीक दिलीया म्हण की," एक म्हणते. "मग उभं का ऱ्हाईनात?" दुसरी विचारते. "खरं सांगितल्याबिगर देवाम्होरं उभं ऱ्हाता येत न्हाई, आन् खरं सांगणं माझ्या हातात न्हाई, असं म्हणत्यात बाई. काय तरी कोड्यात बोलत्यात. दुखण्यानं डोकं हललंय वाटतं."

डोकं हललेलं नाही, मित्रांनो. एका माणसाचं घर गावात राहावं म्हणून नारायणबुवांनी कीर्तन सोडलं आहे. एकादशीला देवळातून पखवाज ऐकू येतो, टाळ ऐकू येतात, त्यांच्या मधे जिथं बुवांची ओळ असायची तिथं नुसती जागा आहे. आणि शनिवारी नदीकडून पुन्हा गाणी येतात. रिसॉर्टची शेकोटी परत पेटली आहे. परशूनं नवा माईक घेतला आहे. त्याला टोप्या चार आहेत म्हणे.

माझी तुमच्याकडे एवढीच विनवणी आहे. वस्तू नीट ठेवा, पुसून ठेवा, दुसऱ्याच्या तोंडची तशीच पुढं देऊ नका. अंगात ताप असेल तर सांगा, शेजाऱ्याला ताप आहे हे ठाऊक असेल तर तेही सांगा. आणि चूक झाली तर ती मुक्या वस्तूच्या गळ्यात बांधू नका. चार माणसांत उभं राहून, वेळेवर, एक वाक्य बोला. त्याला माईक लागत नाही.