डॅशबोर्डवरची टोपी

मी एक टोपी बोलतेय. काळी, समोर पिवळ्या धाग्यात 'माजी सैनिक' अशी अक्षरं. फौजेत मी कधीच नव्हते बरं का! थॅडियस ग्रिग्ज युद्धावरून परतला, तेव्हा छावणीबाहेरच्या दुकानातून त्यानं मला घेतलं. डोक्यावर मात्र क्वचितच घातलं. माझी जागा गाडीत, काचेमागे, डॅशबोर्डवर. अक्षरं रस्त्याकडे.

अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात थॅडियससारख्या काळ्या माणसाची गाडी पोलीस उगाचच अडवतात. शिपाई खिडकीशी यायचा तेव्हा हात पिस्तुलावर. मग मी दिसायचे. "अरे, सैन्यात होता काय साहेब? देशसेवेबद्दल आभार हं!" हात खाली यायचा. थॅडियस मान हलवायचा आणि गाडी पुढे घ्यायचा. असं इतक्यांदा झालं, की मला त्याचं काही वाटेनासं झालं.

पुढे तो काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, निवडणुकीला उभा राहिला. प्रचार सांभाळायला डेल, त्याच्याच पलटणीतला गोरा दोस्त. "टोपी घाल लेका, टोपीला मतं पडतात," डेल म्हणाला. म्हणून पुढच्या शनिवारी मी थॅडियसच्या डोक्यावर बसून माजी सैनिकांच्या न्याहारीच्या सभेला गेले. त्याला दारात सोडून त्याची मुलगी रेनिटा गाडी घेऊन कामावर निघाली. डॅशबोर्ड रिकामा.

पॅनकेक अर्धे संपले असतील, तोच रेनिटा चालत परत आली. कोपरं सोललेली, मनगटांवर बेड्यांचे वळ.

"मागचा दिवा बंद होता म्हणे. रस्त्यावर पालथं पाडलं, पप्पा. गाडी ओढून नेली."

थॅडियसनं मला काढून तिच्या हातात दिलं. "यापुढे ही गाडीतून हलवायची नाही."

"मी कुठं लढायला गेले होते? ही नसेल तर मला माणसात धरायचं नाही का?" तिनं मला टेबलावर टाकलं, मी पडले नेमकी पॅनकेकच्या पाकात.

डेल कानाशी लागला, "आज हा विषय नको रे. इथली सगळी मतं जातील. तू आपला सेवेवर बोल."

थॅडियस बोडक्यानंच माईकपाशी गेला.

"सेवेवरच बोलतो," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. "तुम्ही माझे आभार मानता. माझ्या मुलीला रस्त्यावर पालथं पाडता. मी लढलो ते दोघांसाठी, तुमच्यासाठी आणि तिच्यासाठी. टोपी न दाखवता ती घरी पोचेल, तेव्हा माना माझे आभार."

टाळी वाजली नाही. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणी कॉफी ओतून घेतली. निवडणुकीत तो सपशेल पडला. डेल म्हणाला, "सांगितलं होतं ना!" आणि मग आमच्याकडे यायचाच थांबला.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. पाकाचा डाग काही गेला नाही. मला गाडीत ठेवायचं रेनिटानं साफ नाकारलंय, आणि थॅडियसनं ते मान्य केलंय. पण ती निघाली, की तो मला काढून हातात धरतो. "पोचले, पप्पा," असा फोन येईपर्यंत सोडत नाही. माझी कड त्याच्या घामानं भिजते. एवढंच काय ते मला अजून जाणवतं.

पोलीसबाबांनो, तिची गाडी कधी दिसली, तर काचेमागे काय आहे ते बघू नका. तिला घरी जाऊ द्या.