फ्रिजखालचा संदर्भग्रंथ

पीएचडी करणाऱ्याचा थाट काय असतो, ते मी व्हायव्हाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सासऱ्यांना सांगत होतो. लायब्ररीचं पुस्तक इतरांना पंधरा दिवस, आम्हाला वर्षभर. वर्ष संपलं की आणखी वर्षभर. कुणाची विचारायची टाप नाही.

तेवढ्यात गाइड मॅडमचा फोन आला. अकराच्या व्हायव्हाला येणाऱ्या परीक्षकांनी धरणातल्या गाळावर सहाशे पानी ग्रंथ लिहिलाय आणि मी प्रबंधात त्याचा एकेचाळीस वेळा हवाला दिलाय. त्यांना त्यातलं पान तीनशे बारा ताडून बघायचं होतं. त्यांची स्वतःची प्रत घर बदलताना गहाळ झाली. लायब्ररीत एकच, आणि ती चार वर्षं माझ्या नावावर.

"येताना आणच. नाहीतर ते विचारतील, वाचलं तरी होतंस का," मॅडम म्हणाल्या.

ग्रंथ फ्रिजखाली होता. फ्रिजचा पाय मोडला तेव्हा बायकोनेच तो सरकवला होता. तुझ्या संशोधनाचा घराला तेवढाच आधार, म्हणाली होती.

साडेनऊ वाजले होते. मी सासऱ्यांना म्हटलं, मी फ्रिज उचलतो, तुम्ही पुस्तक ओढा आणि तेवढ्याच जाडीचं काहीतरी आत सरकवा. डोळे मिटून जोर लावला. आत अंडी घरंगळल्याचा आवाज आला. कमरेत कळ आली.

"झालं, जावईबापू. सोडा."

ग्रंथाच्या कव्हरवर वाटीएवढा खड्डा पडला होता आणि तो थेट तीनशे बारापर्यंत उतरला होता. बायकोने माझा शर्ट बाजूला ठेवून पुस्तकालाच इस्त्री फिरवली. खड्डा गेला नाही, वर पान करपलं. मी टेबलावरची पिशवी उचलली आणि अर्ध्या इस्त्रीच्या शर्टावर पळालो.

परीक्षकांनी ग्रंथ हातात घेतला. खड्ड्यावरून बोट फिरवलं. माझ्या कानशिलावरून घाम उतरत होता. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"तीस वर्षांत माझं पुस्तक इतकं वापरलेलं मी पाहिलं नव्हतं."

"रोजच्या कामाचं आहे, सर," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

पुढचा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. फक्त म्हणाले, सहीची प्रत द्या, मला चारच्या गाडीने निघायचंय आणि तिथून सहा महिने परदेशात.

मी पिशवीत हात घातला. लॅपटॉप. चार्जर. पुन्हा लॅपटॉप. प्रबंधाची काळी, जाडजूड प्रत सकाळी पिशवीशेजारीच ठेवली होती. बाहेर जाऊन मी सासऱ्यांना फोन लावला.

"हो, ती काळी ना? अगदी मापात बसली," ते म्हणाले. "फ्रिज आता तसूभर हलत नाही."

साडेतीनला ते टॅक्सीतून प्रत घेऊन धापा टाकत आले. सह्यांच्या पानावर फ्रिजमधून गळलेला अंड्याचा बलक वाळला होता. परीक्षकांनी त्याच्या बाजूने सही केली आणि माझा हात हातात घेऊन मला डॉक्टर म्हणाले.

मी लगेच बायकोला फोन केला. तिने सांगितलं, फ्रिज आडवा झालाय.