मेंदूमहाराजांची दोन बोटं

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाइलमुळे माणसाचा मेंदू कसा वितळतो हे सांगायला मेंदूमहाराज येणार, ही बातमी सगळ्यांना मोबाइलवरच कळली होती. आता महाराज मंचावर विराजमान होते आणि वितळणारी मंडळी हात उंच करून त्यांचा व्हिडिओ काढत होती.

मागच्या रांगेत अप्पांच्या शेजारी त्यांची सून बसली होती. ती इस्पितळात फिजिओ. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून तिचं अंग आंबून गेलं होतं, पण सासऱ्यांना एकटं सोडायची सोय नव्हती. महाराजांचा व्हिडिओ पाहिल्यापासून अप्पांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. कालच त्यांना मागून आलेल्या मोटारीचा हॉर्न ऐकू आला नाही. भाजीवाल्याने दंड धरून मागे ओढलं म्हणून वाचले. आणि आज ते यंत्र कायमचं महाराजांच्या त्यागपेटीत टाकायचं, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. सून घाबरली होती. कालचा भाजीवाला रोज कुठून आणायचा?

"मोबाइल, संगणक, कानातली यंत्रं, सगळी एकाच जातीची," महाराज सांगत होते. "मेंदूच्या लहरी शोषून घेतात. तुमच्या आजोबांना पाढे पाठ होते. तुम्हाला बायकोचा नंबर तरी पाठ आहे का?"

हॉल खजील झाला. नंबर खरंच कुणाला पाठ नव्हता. खोट्याला उभं राहायला थोड्या खऱ्याचा टेकू लागतोच.

मग चमत्कार. तिसऱ्या मजल्यावरच्या, जिम चालवणाऱ्या पैलवानाला मंचावर बोलावलं. उजवा हात बाजूला ताठ, डाव्या हातात मोबाइल. महाराजांनी दोन बोटांनी दाबलं आणि पैलवानाचा उजवा हात गपकन खाली आला. मग मोबाइलवर तांब्याची लहरीरोधक चकती चिकटवली. आता महाराजांनी लालबुंद होईपर्यंत जोर लावला, हात हलेना. चकती विकायला नव्हतीच. ती फक्त देणगीशिवाय मिळत नव्हती.

सगळ्यांचे डोळे डाव्या हातातल्या मोबाइलवर खिळले होते. सुनेला मात्र कामाच्या सवयीने खांद्याकडे बघायची खोड. ती उजव्या हाताकडेच बघत राहिली.

तेवढ्यात अप्पा मुठीत यंत्र घेऊन मंचावरच्या त्यागपेटीकडे निघाले. ती त्यांच्या मागोमाग मंचावर चढली.

"महाराज, हे मला जमेल का हो?"

"श्रद्धा असेल तर जमेल."

"ती भरपूर आहे."

तिने पैलवानाच्या डाव्या हातात नुसती चकती ठेवली आणि दोन बोटांनी दाबलं. उजवा हात पडला. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग चकती काढून तिने तीन मोबाइल ठेवले आणि अप्पांची मूठ हळूच उघडून त्यांचं यंत्रही वर ठेवलं. दोन्ही हातांनी ती जवळजवळ लोंबकळली, तरी हात जागचा हलला नाही.

"या बाईंच्या लहरी उलट्या आहेत," महाराज म्हणाले.

"लहरी कसल्या, जागा बदलली," सून म्हणाली. "हात पाडायचा तेव्हा मनगटावर दाबायचं. पाडायचा नसेल तेव्हा खांद्याजवळ. घरी जाऊन दार आधी कडीजवळ ढकला, मग बिजागरीजवळ. दाराला मेंदू नसतो, तरी तेच होतं. काकू, तुम्हीच या वर."

समोरच्या काकू आल्या. मनगटावर दाबलं तर पैलवानाचा हात पडला, खांद्याजवळ दाबलं तर पडेना.

"अगं बाई, मलाही आलं की," काकू म्हणाल्या. "पण मग मेंदू वितळतो की नाही?"

"वितळत नाही, वापरला नाही तर गंजतो. मोबाइलने सांगितलं म्हणून मानलं काय आणि महाराजांनी सांगितलं म्हणून मानलं काय, मेंदूला सुट्टी ती सुट्टीच. आपण स्वतः तपासलं तरच तो कामावर येतो."

महाराजांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला आणि ते पेटीसकट निघाले. मंडळींनी व्हिडिओ पुढे पाठवला, तो अर्थातच चमत्कारापुरता. उलगडा पाठवायला फार लांब होता.

अप्पांनी पैलवानाच्या हातातलं यंत्र उचललं, फुंकर मारली आणि कानात बसवलं.

"काय म्हणालीस? परत सांग."

तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकलं.

"हं. पटलं," ते म्हणाले. "आणि महाराज काय काय म्हणत होते गं? मला तर एक अक्षर ऐकू आलं नाही. सगळे माना डोलवत होते म्हणून मीही डोलवत होतो."

सून हसली, पण हॉलमधल्या एकालाही हसू आलं नाही. त्यांचे कान तर धडधाकट होते.

मान डोलवण्याआधी नीट ऐकावं आणि ऐकल्यावर एकदा दार ढकलून बघावं. त्याला ना चकती लागते, ना महाराज.