मागच्या रांगेतली रिकामी जागा

फोटोवाल्या काकूंनी जुनं सॉफ्टवेअर सोडलं ते रागाच्या भरात. दर महिन्याला पैसे भरायचे, तेही वाढीव, आणि एक हप्ता चुकला की आपण स्वतः केलेलं काम उघडायचीही चोरी! "आपल्याच घरात भाडेकरू म्हणून राहू का मी?" असं म्हणून त्यांनी सबस्क्रिप्शन बंद केलं आणि भाच्याने सुचवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. "मावशी, दोन दिवसांत हात बसेल," भाचा म्हणाला होता. भाचा कामाला कमी आणि सल्ल्याला जास्त.

हात बसला नाहीच, उलट डोकं उठलं. वर्षानुवर्षं बोटांना पाठ असलेली बटणं इथे भलतंच काहीतरी करत. फोटो मोठा करायला जावं तर तो आडवा व्हायचा. "हे ज्याने बनवलं ना, त्याने जन्मात एक फोटो काढलेला नाही," काकू स्क्रीनला सुनावत.

त्यात नेमकं शाळेचं काम अंगावर. वर्गाचा फोटो काढताना कुणी गैरहजर असलं, की काकू रांगेत त्याच्यापुरती जागा मोकळी सोडत. मग त्या मुलाला स्टुडिओत बोलावून वेगळा फोटो काढत आणि त्या जागेत बेमालूम बसवत. वर्गाच्या फोटोत एकही पोर कमी असता कामा नये, हा त्यांचा हट्ट. यंदा मागच्या रांगेतली एक मुलगी पाय मोडल्यामुळे घरी पडून होती. तिच्या वडिलांची बदली झालेली. शाळा संपली की दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड हलणार होतं. मैत्रिणींबरोबर तिचा हा एवढाच फोटो होणार होता. कुबड्या बाजूला ठेवून, भिंतीला टेकून, ओठ दाबत ती स्टुडिओत उभी राहिली होती.

तिला रांगेत बसवायला काकूंनी जिवाचं रान केलं. कडा कापाव्यात तर केस जायचे, केस वाचवावेत तर कानाभोवती पांढरी रेघ उरायची. शेवटी एकदाचं जमलं. मागची भिंत नीट आहे ना, हे बघायला त्यांनी मुलीच्या फोटोचा लेयर, म्हणजे भिंतीवरचा तो वेगळा थर, क्षणभर बंद केला आणि तो परत आणायला सवयीने जुनंच बटण दाबलं. इथे त्या बटणाने काहीच होत नव्हतं. तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"जमलं का गं मावशी?"

"खड्ड्यात गेलं तुझं सॉफ्टवेअर!"

त्याला झाडता झाडताच काकूंनी फाइल छापायला लॅबला पाठवून दिली, स्क्रीनकडे न बघता.

शाळेच्या शेवटच्या दिवशी लॅबमधून आलेली पाकिटं त्यांनी तशीच शाळेत नेली. मैदानात मुलांनी ती फोडली. मागच्या रांगेत दोन मुलींच्या मध्ये नुसती भिंत होती. कुबड्यांवर आलेली ती मुलगी फोटोकडे बघत राहिली, मग तिने तो पाकिटात परत घातला.

"असू दे काकू. मी नव्हतेच ना त्या दिवशी."

काकूंना सॉफ्टवेअरचा राग आला, भाच्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"परत बसवते तुला. लॅबवाल्याच्या डोक्यावर बसून आजच छापून घेते."

"नको! मला चिकटवू नका," मुलीचा आवाज चढला. "आज मी आहे ना इथे!"

वर्गशिक्षिका काही बोलायच्या आतच काकू निघाल्या. स्टुडिओ रस्त्यापलीकडेच होता. धापा टाकत त्या कॅमेरा घेऊन आल्या, तोवर मुलं रांगा करून उभी होती. मागे दोघी मैत्रिणींनी त्या मुलीला दोन्ही दंडांना धरलं होतं. कुबड्या खाली गवतात पडल्या होत्या.

काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्या थबकल्या.

"बाई, तो उंच मुलगा कुठाय? आधीच्या फोटोत उजवीकडे होता तो?"

"ताप आलाय त्याला. आज आलाच नाही."

"घ्या ना काकू तसाच! एकाने काय होतंय?" कुणीतरी ओरडलं.

काकूंनी कॅमेरा खाली घेतला. पुन्हा त्या सॉफ्टवेअरपुढे बसायचं, या नुसत्या विचारानेच त्यांचं कपाळ ठणकायला लागलं.

"उजवीकडचे, सरका बघू," त्या खेकसल्या. "त्याची जागा सोडा."