दोन मायक्रोसेकंदांची चूक

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

माझे काम सोंग घेण्याचे. लिफ्टची मोटर चालवणारा नवा कंट्रोलर तयार झाला की त्याला आधी खऱ्या मोटरऐवजी मला जोडत. दर मायक्रोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला, मी एक गणित सोडवून मोटरसारखे उत्तर देई. कंट्रोलर चुकला तर स्फोट होत नसे, पडद्यावर रेघ उसळे एवढेच. वायरमन काका माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणत, "हा आहे म्हणून आपले हात शाबूत आहेत."

पुढे गणित वाढले. ते वेळेत सुटेना. उशीर झाला की माझा लाल दिवा लागे. विभागप्रमुखाच्या डोळ्यांत तो खुपू लागला.

"मुदत वाढव त्याची," तो चाचणी घेणाऱ्या मुलीला म्हणाला. "एकाच्या जागी पन्नास मायक्रोसेकंद कर."

"सर, मग मधलं काही दिसणार नाही त्याला. गणित दोन भागांत वाटू या. आठवडाभर लागेल."

"उद्या पाहुणे येतायत. अक्कल नको, दिवा विझव."

तिने विझवला. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे सगळे खूश झाले.

त्या कंट्रोलरमध्ये एक खोट होती. मोटरला आळीपाळीने वीज देणारे वरचा आणि खालचा असे दोन स्विच तो दोन मायक्रोसेकंद एकदम चालू ठेवी, म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. मी पन्नासांतून एकदा डोळे उघडत होतो. मला ते दिसले नाही. मी 'पास' लिहिले.

सकाळी काकांनी खऱ्या यंत्राचे बटण दाबले आणि स्विच फुटले. त्यांचा उजवा तळवा भाजला. दोन बोटे अजून मिटत नाहीत.

"खोटारडा डबा," विभागप्रमुख म्हणाला. मुलगी गप्प राहिली. तिचे गप्प राहणे मी विसरलेलो नाही. मला अडगळीत, रंगाच्या डब्यांखाली टाकले.

महिन्याने काका तिला घेऊन तिथे आले.

"खरं सांग पोरी, यानं काय पाहिलं होतं?"

"पन्नासांतून एकदा पाहत होता, काका. आम्हीच तसं केलं होतं."

काका भाजलेल्या हाताकडे बघत राहिले. "म्हणजे एकोणपन्नास वेळा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला तिचे काही नाही. पण एखाद्या यंत्राचा लाल दिवा डोळ्यांत खुपला, तर तो विझवण्याआधी उद्या बटण कोण दाबणार आहे, ते जाऊन पाहा.