मैसम्माची झोपमोड

उजाडताना ग्रामदेवी मैसम्माच्या शिळेपुढे उभं राहायला जागा मिळायची नाही. आमच्या रायिगूडेमची माणसं तर असतच, पण पार सूर्यापेटेहून जीपगाड्या भरभरून यायच्या. शिळेपुढे रोवलेल्या लोखंडी त्रिशूळाकडे सगळे टक लावून बसत. आधी त्रिशूळाच्या बुडाची माती काळी पडे, मग दोन-चार बुडबुडे येत आणि मग भस्सकन गुडघाभर उंच पाणी उसळे. लगेच ढोल, कापूर आणि एकच गलका : “उठली! आई उठली!”

“बघा माझ्या मायला!” गंगाधरस्वामी दोन्ही हात वर करून ओरडायचे. “पहाटे उठते, तोंड धुते, लेकरांना पाणी पाजते. ऊन चढलं की निजते. सांजेला परत उठते. दुपारी कुणी इकडं फिरकायचं नाही! आईची झोपमोड झाली तर गावावर कोप होईल!”

“स्वामी, पाण्याला कसलासा वास येतो,” एखादी म्हातारी दबकत म्हणायची.

“येणारच! देवीच्या अंगाचा सुवास आहे तो. पापी माणसाला तेवढा औषधासारखा लागतो.”

म्हातारी लगेच ओंजळ पुढं करायची. चारचौघांत पापी ठरायची कुणाला हौस आहे?

मी हा तमाशा रोज बघायचे, कारण माझी बस नेमकी तिथंच थांबते. मी इथल्या सरकारी शाळेत सोशल शिकवते. म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं एकाच पुस्तकात. माझं नाव झांसी. वडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं, पण आता मनगटात तलवार उपसण्याइतकं बळ उरलेलं नाही. कडुनिंबातून दूध गळालं तेव्हा मी गावाशी भांडले. एका बोकडानं कौल दिला तेव्हाही भांडले. या वेळी म्हटलं, जाऊ दे. पाणीच तर पितायत, त्यात कुणाचं काय जातंय?

हा स्वामी कालपरवापर्यंत नारळवाला गंगय्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून लोकांच्या शेतातून फिरायचा आणि नारळ उभा राहिला की म्हणायचा, “इथं बोअर मारा.” बोटं जराशी कलती केली की नारळ उभा राहतो, हे माझ्या वर्गातली पोरंसुद्धा करून दाखवतात. गंगय्याच्या नारळानं या भागात जितक्या कोरड्या बोअर पाडल्या, तितकी बिळं घुशींनीही पाडली नसतील. मग मैसम्माच्या जत्रेत त्याचा नारळ शिळेपुढे टुणकन उभा राहिला. “इथं गंगा आहे!” असं ओरडून त्यानं पहारीनं खड्डा केला, त्रिशूळ ठोकला आणि सगळ्या जत्रेदेखत पाणी उसळलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला पाणी लागलं, आणि गंगय्याचा गंगाधरस्वामी झाला.

काय जातंय, याचं उत्तर मला सातवीच्या वर्गात मिळालं. स्रवंती बाकावर डोकं टेकून झोपली होती.

“काय गं, रात्रभर टीव्ही बघत होतीस?”

“नाही टीचर. पहाटे बोअरवर गेले होते, पाण्याला.”

“बोअरवर कशाला? घरी नळ आहे ना?”

“तो जत्रेपासून आटलाय. आमच्या अख्ख्या वाड्याचे नळ आटलेत. अम्मा म्हणते, मैसम्माचं आपल्याकडून काहीतरी चुकलं असणार.”

वाडा म्हणजे गावाच्या टोकाची दलित वस्ती. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यातलं फ्लोराइड आधी दातांवर बसतं, मग हाडांत उतरतं. स्रवंतीचा बाप नरसिंहा भर तारुण्यात कमरेतून वाकला. त्याला आभाळ बघायचं तर खाटेवर कुशीला निजावं लागतं. स्रवंतीचे दात तपकिरी आहेत, गुडघे एकमेकांना घासतात. तिचा धाकटा भाऊ बुज्जी मात्र गावात नळानं कृष्णेचं पाणी आल्यावर जन्मला. त्या घरातला तो पहिला सरळ पायांचा माणूस. आता तोही बोअरचं पाणी पीत होता.

मला त्या तासाला पुढं काही शिकवता आलं नाही. थकवा आणि राग एकदम आले की माणसाला रडूही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक जनार्दन रेड्डी वर्गात डोकावले. “टीचरम्मा, तपासणी जवळ आलीय. पोरांकडून प्रॉजेक्ट करून घ्या. दुकानात नद्यांचे तयार तक्ते मिळतात. चिकटवले की झालं.”

“या वेळी पोरं स्वतः शोधून काढणार आहेत, सर.”

“काय शोधणार?”

“कुठल्या घरी नळाला पाणी येतं आणि कुठल्या घरी येत नाही.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “स्वामीच्या भानगडीत शाळा नका ओढू. निवृत्ती तोंडावर आलीय.”

“तुमची की माझी?”

“दोघांची!” म्हणाले आणि निघून गेले. नको म्हणाले नाहीत, एवढंच मी धरून चालले.

पोरं घरोघर जाऊ लागली आणि पहिल्याच गल्लीत अडली. आमच्याकडे प्रॉजेक्ट म्हणजे धरण. म्हाताऱ्या लच्चय्यानं तर काठीच उगारली. त्याचं मूळ गाव धरणाखाली गेलंय.

“प्रॉजेक्ट? आता कुठलं गाव बुडवताय रे?”

“गाव नाही आजोबा, फक्त प्रश्न विचारायचेत.”

“धरणवालेही आधी प्रश्नच विचारायला आले होते. मग मोजपट्टी घेऊन आले!”

स्रवंतीनं त्याच्या अंगणात बसकण मारली आणि म्हणाली, “आजोबा, आमच्या घरी प्यायला पाणी नाही. ते कुठं गेलं, तेवढंच शोधतोय.” म्हाताऱ्यानं काठी खाली ठेवली. मग बोलायला लागला तो थांबेचना. पाइपाचा चर खणला तेव्हा तो मजुरीला होता. चर सरळच जाणार होता, पण मैसम्माला पाय लागायला नको म्हणून मजुरांनी शिळेला वळसा घातला. वळणावर नारळही फोडला. “आणि आमच्यावर मुकादम कोण होता ठाऊक आहे का? तुमचा तो स्वामी!”

पोरं धावत शाळेत आली. “टीचर, सापडलं! स्वामीनं पाइप फोडला!”

“कुणी बघितला फुटलेला पाइप?”

“बघितला नाही कुणी, टीचर.”

“मग ‘लच्चय्या म्हणाला, चर शिळेशी वळला’ एवढंच लिहा. बघितलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि आपल्याला वाटलेलं त्याहून वेगळं.”

“आणि अम्मा म्हणते मैसम्मा कोपलीय, ते कुठं लिहू?” स्रवंतीनं विचारलं.

“ऐकलेल्यात लिही. खोडायचं मात्र नाही. माणसं काय मानतात हेही माहीत असावं लागतं.”

सगळी घरं विचारून झाल्यावर नकाशा काढायचा होता. कागदावरचा नकाशा गावातल्या बायका बघत नाहीत, पण मुग्गूसमोर हमखास थांबतात. मुग्गू म्हणजे आमची रांगोळी. मुलींनी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या पिठीनं अख्खं रायिगूडेम काढलं : गल्ल्या, तळं, पाण्याची टाकी, मैसम्माची शिळा. नळाला पाणी आहे त्या घरावर हळदीची चिमूट, नाही तिथं कोळशाची भुकटी. बाजाराला निघालेल्या बायका डोक्यावरच्या टोपल्यांसकट कुंपणाशी थांबल्या. टाकीपासून शिळेपर्यंत सगळं पिवळंधमक होतं. शिळेच्या पलीकडे, गावाच्या शेवटच्या टोकाला, स्रवंतीच्या वाड्यावर एकही पिवळा ठिपका नव्हता.

बातमी ऐकून सरपंच सोमलम्मा तणतणत आल्या. “माझ्या गावाचं मुग्गू असं काळं कुणी काढलं?”

“नळानं काढलं, अम्मा. आम्ही फक्त रंग भरला,” एक मुलगी म्हणाली.

सोमलम्मांनी काळे ठिपके बोटांवर मोजले. बाई शिकलेल्या नाहीत, पण कुठल्या गल्लीत किती मतं आहेत हे त्यांना झोपेतही सांगता येतं. “पाइप तिथं असेलही. पण मैसम्मापुढं कुदळ कोण मारणार? लोक मला फाडून खातील.”

“कुदळ नको,” स्रवंती म्हणाली. “आई उठते तेव्हाच आपला नळाच्या पाण्याचा पंप चालू असतो. निजते तेव्हा बंद असतो. मग एक दिवस पंप दुपारी लावून बघू या की. आई निजलेली असली तर पाणी यायला नको.”

हे मी तिला शिकवलं नव्हतं. कुंपणाशी उभ्या बायका कुजबुजायला लागल्या.

“आणि कोप झाला तर?” सोमलम्मांनी विचारलं.

“आमच्या वाड्यावर झालाच आहे की. आणखी काय व्हायचंय?”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सोमलम्मा आणि त्यांच्यामागं पाच-पन्नास बायका शिळेजवळच्या चिंचेखाली येऊन बसल्या. पंप चालवणारा यादय्या टाकीपाशी फोन कानाला लावून उभा होता आणि देवीची माफी मागत होता. शिळेपुढच्या मांडवात गंगाधरस्वामी त्रिशूळाशेजारी चटई टाकून घोरत होते. पाणी आलं नसतं तर पोरांनी पुन्हा कधी प्रश्न विचारला नसता.

“यादय्या, लाव,” सोमलम्मा फोनमध्ये म्हणाल्या.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्रिशूळाच्या बुडाची माती काळी पडली, बुडबुडे आले आणि भस्सकन पाणी उसळून थेट स्वामींच्या चटईवर पडलं.

“कोण आहे रे तिकडं!” ते भिजल्या मांजरासारखे उठले. समोर बायका बघितल्या आणि क्षणात हात वर गेले. “आई प्रसन्न झाली! अवेळी दर्शन! युगात एकदाच घडतं असं!”

“यादय्या, बंद कर.”

पाणी बसलं.

“आई... आई पुन्हा निजली.”

“लाव.”

पाणी उसळलं.

“आई कूस बदलतेय,” स्वामी म्हणाले, पण आवाज पडला होता.

“बंद कर रे,” सोमलम्मा म्हणाल्या, आणि पाणी बसल्यावर चिंचेखालून कुणीतरी विचारलं, “काय गं, आई त्या यादय्याच्या हाताखाली कामाला लागली की काय?” बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या थांबेनात. मग कुदळ मारायला कुणी कुणाची परवानगी विचारली नाही. हातभर खाली पाइपाचं वळण होतं आणि त्याच्या पाठीत त्रिशूळाचं टोक रुतलेलं होतं. बायकांनी पाइप हुंगला. देवीचा सुवास टाकीत टाकायच्या औषधाचा होता.

“पाइपातून येते तीही गंगाच ना?” स्वामी अजून बोलतच होते.

स्रवंतीची आई एल्लम्मा कडेवर बुज्जीला घेऊन पुढं आली. ती रोज तीर्थाच्या रांगेत उभी राहायची, सगळ्यांच्या शेवटी. कारण तिच्या वाड्यातल्या माणसांना तीर्थ शेवटी मिळायचं आणि वरून, हात न लावता.

“म्हणजे हे आमचं पाणी होतं,” ती म्हणाली. “आमच्या नळाचं पाणी तू मला लांबून ओंजळीत घालत होतास. आणि मी तुझ्या पाया पडत होते.”

आता मात्र कुणी हसलं नाही. ज्या बायका त्या रांगेत तिच्या पुढं उभ्या राहायच्या, त्यांनी माना खाली घातल्या. एल्लम्मा मात्र स्वामीकडेच बघत उभी राहिली.

पाइप दुरुस्त झाला, एल्लम्माच्या नळाला पाणी आलं. गंगय्या अंधार पडायच्या आत गाव सोडून गेला. आता म्हणे तो आणखी कुठल्या तरी गावात आहे. आमच्यातले निम्मे लोक अजूनही म्हणतात, मैसम्मा थोडे दिवस पाइपात येऊन राहिली होती. मी वाद घालत नाही. घसा बसलाय माझा.

बुज्जीला मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मधल्या काळात किती पाणी प्यायला, किती बाधलं, हे त्यांना सांगता आलं नाही. पक्के दात यायला अजून वर्षं आहेत. ते पांढरे येतील की डागाळलेले, तेव्हाच कळेल.

म्हणून सांगते. जमिनीतून काही उगवलं, हवेतून काही पडलं असं कुणी दाखवलं, तर ते खरं की खोटं एवढंच विचारून थांबू नका. ते कुठून आलं ते विचारा. कुणाच्या घरातून कमी झालं तेही विचारा. देवाला राग येत नाही विचारल्यानं. आला तर माझ्या नावावर घाला. पण विचारा, आणि लवकर विचारा. आपण गप्प बसतो तेवढे दिवस कुणीतरी लेकरू ते पाणी पीत असतं.