माझ्यावर होडी अडली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि झाकण नीट बसत नाही म्हणून मला रबरबँड गुंडाळलेला आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला घेतले. त्यांची मुले त्यांना आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. शिलाई मशीनशेजारी बसून मी वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या.

आईची मोठी मुलगी म्हणजे ताई. तिने नोकरी सोडली आणि धाकट्या भावाबरोबर एक व्हिडिओ गेम करायला घेतला. माणसे, बकऱ्या आणि सामान होडीतून नदीपलीकडे न्यायचे, असा तो लहान मुलांचा खेळ होता. मला वाटायचे, एक संगणक आणि दोन डोकी असली की झाला गेम. पण संगीत करणाऱ्याचे पैसे, आवाज देणाऱ्या बाईंचे पैसे, शिवाय काम संपेपर्यंत घर चालवायचे ते वेगळेच. ताईची साठवण भराभर उतरू लागली.

त्यात भावाला पाण्याचे वेड लागले. लाट खऱ्यासारखी उसळली पाहिजे, उन्हात चमकली पाहिजे. त्यासाठी बाहेरचा महागडा कारागीर लावला. नव्या संगणकावर ते पाणी इतके देखणे दिसे, की दोघे काम सोडून बघत बसत.

एवढी साठवण गेली तरी कुठे, असे आईने एकदा विचारले. बरीचशी पाण्याच्या कामाला लागली, असे ताईने सांगितले.

"म्हणजे पाण्यातच गेली म्हण की," आई म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला. मग मलाच पुढे केले. "यावर घाल बघू. मी पण खेळते."

होडी काठावरून सुटली. पहिली लाट आली आणि मी जागच्या जागी थिजलो. तव्यासारखा तापलो आणि बंद पडलो. मला फार ओशाळवाणे झाले. ताई मात्र माझ्याकडे बघतच राहिली. मुलांच्या हाती येतात ते घरातल्या मोठ्यांचे जुने, माझ्यासारखेच मोबाइल. आणि असल्या मोबाइलवर या दोघांनी तो खेळ एकदाही चालवून पाहिला नव्हता.

"पाणी काढावं लागेल," ती म्हणाली.

"मग उरलं काय ताई? चिखल?" भाऊ चिडला. "ज्यांच्याकडे चांगले मोबाइल आहेत, ती मुलं खेळतील."

"तेवढ्यांसाठी नोकरी नाही सोडली मी."

तो ताडकन उठून गेला. कारागिराला पुन्हा बोलवायला पैसे नव्हते. उरलेल्या पैशांत घर जेमतेम काही आठवडे चालले असते. तेवढ्यात खेळ उभा राहिला नाही, तर सगळेच गुंडाळावे लागणार होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि मला चार्जिंगला लावून कामाला बसला. लाटा पुसून त्याने साध्या निळ्या पट्ट्या काढल्या, एकीमागून एक सरकणाऱ्या. मी पुन्हा बंद पडलो. त्याने पट्ट्या कमी केल्या. मी थोडा पुढे जाऊन थांबलो. बॅटरी म्हातारी झाली होती, पण मीही हट्टाला पेटलो. तो खोडत होता, ताई जुळवत होती आणि मी तापत होतो. तिघांपैकी कोणीच माघार घेईना.

अखेर एका दुपारी आईने मशीन थांबवून मला हातात घेतले. होडी डुलत डुलत नदीच्या मध्यावर आली, मध्य ओलांडला आणि पलीकडच्या काठाला लागली.

"बकरी उतरली रे," आई हळूच म्हणाली. भावाने तोंड फिरवून डोळे पुसले.

खेळ बाजारात गेला. फार श्रीमंती आली नाही, पण घालवलेले परत आले आणि दुसरा खेळ करण्याइतके हाती उरले. मग कौतुक संपले आणि मी खणात पडलो. माझी बॅटरी पार उतरून गेली.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन काहीतरी घडवाल. तेव्हा आमच्यासारख्या जुन्यांना भंगारात टाकू नका. आम्हाला जपा, अधूनमधून चार्ज करा आणि सगळे पैसे खर्चून झाल्यावर नव्हे, पहिला पैसा खर्च करण्याआधी आमच्यावर चालवून बघा. आम्ही तापू, अडू, पण कोणाकोणाला काठावर सोडून तुम्ही निघाला आहात, ते वेळेवर सांगू.